प्रीतम खोबरेकराला नंबर मिळाला

प्रीतम खोबरेकराच्या उजव्या हाताला दोनच बोटं आहेत, अंगठा आणि करंगळी. मधली तीन मासेमारीच्या ट्रॉलरवर, जाळं ओढणाऱ्या विंचमध्ये गेली. नवीन माणूस भेटला की त्याची नजर आधी त्या हाताकडे जाते आणि मग घाईघाईने दुसरीकडे वळते. पूर्वी प्रीतमला त्याचा राग यायचा. आता तो स्वतःच हात पुढे करून म्हणतो, "घाबरू नका, चावत नाही," आणि समोरच्याला जमीन किंवा घर कसं पाहिजे ते विचारायला लागतो.

प्रीतम मालवणच्या दांडीवरचा, मच्छीमार गाबीत घरातला. बारावी झाल्यावर तो भाई कुबलांच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून चढला. भाई हे नाखवे, म्हणजे ट्रॉलरचे मालक. स्वभावाने तापट, पण खलाशांना जेवण आपल्या आधी वाढणारे. प्रीतम त्यांच्याकडे बारा-तेरा वर्षं होता. समुद्र त्याला आवडायचा. दुसरं काही करावं असं त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

पाच वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ते घडलं. ट्रॉलर हाकणाऱ्या तांडेलाच्या घरी लग्न होतं म्हणून त्या दिवशी भाई स्वतःच ट्रॉलरवर होते. जाळं वर येत होतं, विंच फिरत होती, आणि दोर जरा सैल पडला म्हणून प्रीतमने तो सरळ करायला हात घातला. इतकी वर्षं तो हे करत आला होता. त्या दिवशी दोराने त्याचा हात घेतला. इंजिन बंद केलं तरी खाली जाळ्याचं ओझं होतं, दोर आवळतच चालला. भाईंनी कोयता उचलला आणि दोर तोडला. त्याच हंगामात घेतलेलं नवं जाळं मासळीसकट तळाशी गेलं. भाईंनी आपला सदरा फाडून प्रीतमचा हात बांधला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ट्रॉलर बंदराकडे वळवायला सांगितला.

हात वाचला, बोटं गेली.

त्यानंतरची दोन वर्षं प्रीतम फारसा घराबाहेर पडला नाही. इस्पितळाचं सगळं भाईंनीच बघितलं. ते दोनदा-तीनदा घरीही आले, पण प्रीतम खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. भाईंचा आवाज ऐकला की त्याला विंचचा आवाज आठवायचा. शेवटी भाई यायचे थांबले. बंदरावर तर प्रीतमने पाऊलच ठेवलं नाही. बाजारात जायचं झालं तरी लांबच्या गल्लीतून जायचा.

घर चालवलं दिव्याने, त्याच्या बायकोने. ती देवगडची. तिच्या माहेरी कुणी मासळी विकली नव्हती, आंब्याच्या बागेत वाढलेली ती. पण अपघातानंतर सहा-सात महिन्यांनी, नवा हंगाम सुरू होताच, ती बंदरावर लिलावाला उभी राहिली आणि मासळीची पाटी घेऊन बाजारात बसली. घरात राहिला प्रीतम आणि त्यांची मुलगी आरोही. आरोही तेव्हा पहिलीत होती. तिची पाटी-पेन्सिल घेऊन प्रीतम डाव्या हाताने अक्षरं गिरवायचा. बापलेक दोघं शेजारी बसून ‘क’ काढायचे, आणि आरोही त्याला शेरा द्यायची, "बाबा, तुमचो ‘क’ पडलो." वर्षभरात त्याचा ‘क’ उभा राहिला. सहीसुद्धा डाव्या हाताने जमायला लागली.

जमीन-घरांच्या धंद्यात तो शिरला तो शेजारच्या सावित्रीकाकींमुळे. सावित्रीकाकी म्हणजे साठीच्या, एकट्या, तोंडाने खणखणीत. त्यांनी घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली होती. पाहुणे दोन दिवस राहायचे, सोलकढी प्यायचे आणि तिसऱ्या दिवशी काकींना विचारायचे, "इथे एखादं घर मिळेल का हो आम्हाला?"

काकी कुंपणावरून हाक मारायच्या, "प्रीतम रे! खंय आसंस? हे पुण्याचे पावणे इलेहत, तेंका वायच घरां दाखवून ये."

घरात बसून कंटाळलेला प्रीतम जायचा. गाव त्याला माहीत होतं, माणसं माहीत होती. एका पाहुण्याला त्याने वायरी गावात जुनं घर मिळवून दिलं, दुसऱ्याला कट्टा गावात नारळाची छोटी बाग. दोघांनी आपण होऊन त्याला काहीतरी दिलं. पैसे दिव्याच्या हातात ठेवताना त्याला किती तरी दिवसांनी बरं वाटलं. लोक मात्र त्याला दलाल म्हणायला लागले, आणि त्या शब्दाला एक वास होता, तो त्याला लागायचा.

मग कुडाळ रस्त्याला एक नवी इमारत उभी राहायला लागली. काकींकडच्या पाहुण्यांना घेऊन प्रीतम तिथल्या ऑफिसात गेला. टेबलामागे रश्मी नावाची मुलगी बसली होती. तिने पाहुण्यांना नकाशा दाखवला आणि मग वहीत लिहिता लिहिता प्रीतमला विचारलं, "तुमचा रेरा नंबर?"

प्रीतमने आपला मोबाइल नंबर सांगितला.

रश्मीने लिहायचं थांबवून वर पाहिलं. ती हसली असती तर प्रीतम तिथूनच परत गेला असता आणि ही गोष्ट तिथेच संपली असती. पण ती हसली नाही. पाहुणे बाहेर इमारत बघायला गेले तेव्हा तिने त्याला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं, "दादा, आमचा प्रकल्प महारेरात, म्हणजे घरबांधणीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणात, नोंदवलेला आहे. अशा प्रकल्पातलं घर दाखवायचं, विकायचं, तर एजंटचीसुद्धा नोंदणी लागते. कायदा आहे. आधी प्रशिक्षण घ्यायचं, मग परीक्षा द्यायची. पास झालात की नोंदणी होते आणि तुम्हाला तुमचा नंबर मिळतो. त्याशिवाय आम्ही तुमच्याबरोबर काम नाही करू शकत."

"परीक्षा?" प्रीतम म्हणाला.

"मराठीतून देता येते," रश्मी म्हणाली. "तुम्ही करा दादा. तुम्ही माणसांशी नीट बोलता, मी बघितलं आत्ता."

घरी येईपर्यंत ते शेवटचं वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं. दिव्या मासळीची पाटी धूत होती. तिला त्याने सांगितलं. ती म्हणाली, "मगे करा नाय."

"बारावी होवन पंधरा-सोळा वर्षां झाली गो."

"म्हणान काय झाला? डोक्याची बोटां काय तुटली नाय."

घरात त्या हाताबद्दल असं उघड कुणी बोलत नसे. मग दिव्याला हसू आलं, आणि तिच्यामागून प्रीतमलाही.

प्रशिक्षण ऑनलाइन होतं, रोज संध्याकाळी. प्रीतमच्या घरात रेंज मिळायची ती फक्त न्हाणीघराच्या दारात. पहिल्या दिवशी तो तिथे बादली पालथी घालून बसला, आणि मॅडम शिकवायला लागल्या तेवढ्यात आरोहीला आंघोळ घालायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी सावित्रीकाकींनीच फर्मान काढलं, "माज्या खळ्यात येवन बस. पावण्यांसाठी वायफाय घेतलंय ता काय माकडांनी वापरूचा?"

मे महिना होता. काकींच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कोकमं सुकत घातलेली असायची. एका कोपऱ्यात प्रीतम मोबाइल समोर ठेवून बसायचा, दुसऱ्या कोपऱ्यात काकी कोकमं फोडत बसायच्या. लालेलाल हातांनी त्या कान देऊन सगळं ऐकायच्या. मॅडम कार्पेट एरिया म्हणाल्या तशी काकींनी विचारलं, "गालिचो घरासोबत देतत?"

"नाय गो काकी. भिंतींच्या भुतूर पाय ठेवूक जितकी जागा मिळता, ती. बाकीचा जिना, गॅलरी, ता धरूचा नाय."

"मगे सरळ पाय ठेवूची जागा म्हणा नाय!"

काकींना ते इतकं आवडलं की त्या प्रत्येक पाहुण्याला विचारायला लागल्या, "तुमच्या घराचो कार्पेट किती ओ?" मुंबईची माणसं गोंधळून जायची, आणि काकी प्रीतमकडे बघून डोळा मिचकावायच्या. दुसऱ्या दिवशी मॅडमचा धडा सुरू व्हायच्या आधी त्या प्रीतमची उजळणी घ्यायच्या. घर घेणाऱ्याचा हक्क कोणता, बिल्डरने तारीख पाळली नाही तर काय, करार कधी करायचा, एजंटने काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही. शेवटच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "प्रीतम, तुमच्या मागे बसतात त्या बाईंनापण प्रमाणपत्र द्यायला हवं." काकी लाजून घरात पळाल्या.

परीक्षेचं केंद्र कोल्हापूरला मिळालं. निघायच्या आदल्या संध्याकाळी काकींनी आपल्या तुळशीपुढे नारळ ठेवून मालवणी रितीने देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान पाण्यात लय सोसल्यान, आता तेका जमनीर उभो कर रे म्हाराजा!" आणि साथ द्यायला आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून ‘व्हय म्हाराजा’ही स्वतःच म्हणाल्या.

पण प्रीतम नापास झाला.

घरी येऊन त्याने सांगितलं की पेपर कठीण होता. काकींनी मॅडमला शिव्या घातल्या, त्या ऐकून तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून आल्यावर दिव्याने त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं आणि समोर बसली. म्हणाली, "आता खरा सांगा."

तेव्हा त्याने सांगितलं. परीक्षा संगणकावर होती. माऊस उजव्या बाजूला ठेवलेला. दोन बोटांनी तो धरता येईना. धरला तर बटण दाबता येईना. एक उत्तर दाबायला जावं तर दुसऱ्यावरच खूण पडायची. उत्तरं येत होती, पण निम्म्या प्रश्नांपर्यंतच पोचता आलं आणि वेळ संपली. शेजारची मुलं-मुली बघतील म्हणून हात तो टेबलाखाली न्यायचा, पुन्हा वर आणायचा. देखरेखीच्या बाईंनी जवळ येऊन विचारलंही होतं, काही अडचण आहे का? तो म्हणाला होता, नाही.

"तुमी तिका सांगलास कित्या नाय?"

"काय सांगू? हात वर करून दाखवू सगळ्यांका?"

दिव्याने खाली बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "पयल्या दिवशी बाजारात बसलंय तेव्हा माजा तोंड उघडत नाय होता. मासे घेवा, इतक्याच म्हणूचा होता. दुपार होयसर पाटी तशीच. बाजूच्या कुसुममावशेन माका वराडूक शिकवल्यान. तिणा माझ्या वाटणीची सुरमय आपल्या गिरायकाक इकून दिल्यान. तेव्हा माका लाज वाटूक नाय काय? पण तिका ‘माका येणा नाय’ म्हणान सांगलंय, म्हणान तिणा शिकवल्यान."

प्रीतमला हे काहीच ठाऊक नव्हतं. जवळजवळ दोन वर्षं ही बाई रोज बाजारातून हसत घरी येत होती. त्याने ताटातला घास तसाच ठेवला आणि तिचा हात धरला. त्याच हाताने, दोन बोटांच्या.

"परत बसतंय परीक्षेक," तो म्हणाला.

दुसऱ्या परीक्षेची तारीख आली तेव्हा पावसाने घाटात दरड कोसळली होती आणि एसटीचा भरवसा नव्हता. दिव्या लिलावाला गेली असताना तिने ही गोष्ट भाईंच्या कानावर घातली. प्रीतमला न विचारता. परीक्षेच्या दिवशी पहाटे दारात भाईंची जुनी बोलेरो येऊन उभी राहिली. सुक्या मासळीचा वास आधी आला, मागून भाई.

"चल," भाई म्हणाले. "मीय कोल्हापुराक जातंय."

"तुमचा थंय काय काम आसा?" प्रीतमने विचारलं.

"आसा काय तरी," भाई म्हणाले आणि गाडीचं दार उघडून धरलं.

प्रीतमने दिव्याकडे रागाने बघितलं. दिव्या आरोहीची वेणी घालण्यात फार गुंतली होती. तो गाडीत बसला.

कणकवलीपर्यंत दोघंही बोलले नाहीत. फोंडा घाटाच्या पायथ्याशी एका टपरीवर भाईंनी गाडी थांबवली, चहा आणि वडे मागवले. बाहेर पाऊस झिमझिमत होता. भाई वडा तोडत म्हणाले, "इतकी वर्षां झाली. तू एकदाय बंदरार येवक नाय."

पुढ्यातला वडा प्रीतमने बाजूला सरकवला.

"माजो राग आसा? माज्या बोटीर झाला ता."

"राग?" प्रीतमने मान वर केली. भाई असं काही मनात धरून असतील हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. "राग नाय ओ भाई. थंय गेलंय काय तो दिवस आठवता, म्हणान जावक नाय. तुमी घराकडे इलास तरी तोच आठवायचो. म्हणान तोंड फिरवलंय." तो थांबला. बोलायला त्याला अवघड जात होतं, पण आता सुरू झालं होतं. "त्या दिवशी तुमी दोर तोडलास. नवा जाळा गेला तुमचा. माजो अख्खो हात जाणार होतो, कदाचित मीच. आणि मी तुमका आजपर्यंत एका शब्दान काय बोललंय नाय."

भाईंनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "जाळा काय, दुसरा घेतला. तू गेलो असतंस तर तुज्या आवशीसमोर मी खंयच्या तोंडान उभो रवलो असतंय?"

"तुमचे उपकार आसत भाई."

"खा तो वडो, थंड झालो," भाई म्हणाले आणि तोंड पावसाकडे फिरवलं. पण घाट चढताना ते बोलायला लागले ते कोल्हापूर येईपर्यंत थांबले नाहीत. ट्रॉलरवर आता कोण कोण आहे, तांडेलाला मुलगा झाला, इंजिन कसं कुरकुरतं, सगळं. प्रीतम ऐकत होता. त्याच्या लक्षात आलं की ह्या माणसाची त्याला किती आठवण यायची.

केंद्रावर तोच हॉल होता, तशीच खुर्ची. माऊस उजव्या बाजूला. सगळे बसले. देखरेखीच्या बाई पुढे उभ्या राहून सूचना वाचत होत्या. बाईंनी विचारलं, "कुणाला काही अडचण?"

प्रीतमने उजवा हात वर केला.

हॉलमधल्या माना वळल्या. तो हात त्याने खाली घेतला नाही. बाई जवळ आल्या तेव्हा म्हणाला, "मॅडम, माझी ह्या हाताची बोटं नाहीत. माऊस डाव्या बाजूला मिळेल का?"

बाईंनी चुकचुकल्याचा आवाज केला नाही की तोंड पाडलं नाही. त्यांनी तार ओढून माऊस डावीकडे घेतला, संगणकात काहीतरी बदललं आणि म्हणाल्या, "आता बटणंसुद्धा डाव्या हाताची झाली. एकदा दाबून बघा. वेळ अजून सुरू नाही झालेली, आरामात." मग जाता जाता, "मागच्या वेळी सांगायचं होतं ना."

म्हणजे त्यांनी त्याला ओळखलं होतं.

तो बाहेर आला तेव्हा भाई गाडीत घोरत पडले होते. कोल्हापुरात त्यांचं काहीही काम नव्हतं.

निकाल लागला तेव्हा प्रीतम काकींच्या खळ्यातच होता. मोबाइलवर ‘उत्तीर्ण’ हा एवढाच शब्द त्याने काकींना दाखवला. काकींना चष्म्याशिवाय दिसेना. "काय ता? काय ता? वाच नाय मेल्या!" आणि त्याने वाचल्यावर त्या इतक्या जोरात रडायला लागल्या की मागच्या खोलीतले पाहुणे काय झालं म्हणून धावत आले. नोंदणीचे कागद भरायला रश्मीने मदत केली. जुनी सही उजव्या हाताची, नवी डाव्या हाताची, त्यामुळे बँकेत दोन-तीन खेपा झाल्या. पण एके दिवशी प्रमाणपत्र आलं. वर त्याचा फोटो, त्याचं पूर्ण नाव आणि त्याचा नंबर. दिव्याने ते काचेत घालून ओटीवर लावलं. प्रीतम मात्र त्याची एक प्रत घेऊन सरळ बंदरावर गेला. धक्क्यावर ट्रॉलर लागलेले होते, लिलावाचा गलका चालला होता. तो चालत राहिला आणि भाईंच्या ट्रॉलरपाशी उभा राहिला. खलाशांनी वरूनच हाकारा केला. भाईंना इंग्रजी-मराठी काहीच धड वाचता येत नव्हतं, पण त्यांनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला, आणि ओले हात लागतील म्हणून फक्त कडेने धरला.

नोंदणीनंतरचं त्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे रामचंद्र आणि पार्वती बागवे. मूळ मसुऱ्याचे, सगळी नोकरी मुंबईत झालेली. आता परत यायचं होतं. मसुऱ्याच्या घरात भाऊ-भावजय होते, आणि पार्वतीकाकींच्या गुडघ्यांसाठी डॉक्टर जवळ हवा होता. म्हणून मालवणातच तळमजल्यावरचं घर हवं होतं. रश्मीच्या ऑफिसच्या त्या नव्या इमारतीत तसं घर होतं. खिडकीतून फणसाचं झाड दिसायचं. पार्वतीकाकी खिडकीशी उभ्या राहिल्या त्या हलेचनात. बिल्डर स्वतः आला होता. तो म्हणाला, "काका, गणपतीत पूजा तुमच्या नवीन घरात."

रामचंद्रकाका खूश झाले. "मग मुंबईची खोली आत्ताच देऊन टाकतो. गिऱ्हाईक दारातच आहे."

बाहेर आल्यावर प्रीतम थोडा वेळ गाडीशी घुटमळला. ह्या पहिल्याच व्यवहारावर त्याने खूप आशा ठेवली होती. दिव्याला सकाळी सांगून आला होता. पण खळ्यात बसून जे शिकलं होतं त्यात हेही होतं, की जे कागदावर आहे तेच सांगायचं. त्याने मोबाइल काढला आणि प्रकल्पाचं पान उघडलं.

"काका, घर चांगलं आहे. कागदपत्रं स्वच्छ आहेत, मी बघितली. पण इथे ताब्याची तारीख पुढच्या मे महिन्याची आहे. गणपतीपर्यंत होईल असं मी माझ्या तोंडाने सांगू शकत नाही. मुंबईची खोली आत्ता दिलीत आणि घर तयार झालं नाही, तर पावसाळ्यात काकींना घेऊन कुठे जाल?"

दोघंही गंभीर झाले. कळवतो म्हणाले आणि मसुऱ्याला निघून गेले. बिल्डरला समजलं तेव्हा तो प्रीतमवर उखडला, "तू माझं घर विकायला आलास की मोडायला?" रश्मी टेबलामागे खाली मान घालून बसली होती. प्रीतम घरी आला आणि दिव्याला म्हणाला, "गेला बहुतेक." दिव्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरा केलास. गुडघे दुखणारी बाई खंय फिरतली होती?" आणि त्या संध्याकाळी तिने मुद्दाम बांगड्याचं झणझणीत तिखलं केलं.

तीन आठवडे काही निरोप आला नाही. मग एका दुपारी फोन वाजला. पार्वतीकाकी होत्या. मुंबईची खोली त्यांनी ठेवली होती. घर तेच हवं होतं, मे महिन्यापर्यंत थांबायची तयारी होती. "ह्यांनी अजून चार ठिकाणी घरं बघितली रे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी गोड गोड सांगितलं. मी म्हटलं, थांबायला सांगणारा तो एकच होता, त्याच्याकडेच जाऊ. करार कधी करायचा ते सांग."

करार झाला. बिल्डरने चहा मागवला आणि प्रीतमच्या पाठीवर थाप मारली, मागचं काही झालंच नव्हतं अशी. प्रीतमनेही मनात काही ठेवलं नाही. इमारत गणपतीत झाली नाही, दिवाळीतही नाही. पार्वतीकाकी मुंबईत आपल्या घरात सुखरूप होत्या. घराची चावी मिळाली ती मे संपता संपता. त्या दिवशी पार्वतीकाकींनी दारात नारळ प्रीतमच्या हातात दिला. तो म्हणाला, "काका फोडतील." काकी म्हणाल्या, "अरे फोड रे, घर तू दिलंस."

आता प्रीतमकडे बरी कामं असतात. कधी धामापूरकडे जागा, कधी आचऱ्याला घर. सगळीच जमतात असं नाही. काही माणसं दिवसभर फिरवून फोन उचलत नाहीत. दिव्याने पाटी सोडलेली नाही. तिला बाजार आवडायला लागलाय, आणि यंदा कुसुममावशीच्या शेजारी नवीन बसलेल्या एका पोरीला ओरडायला तीच शिकवते. सावित्रीकाकी पाहुण्यांना खोली दाखवायच्या आधी प्रीतमचं प्रमाणपत्र दाखवतात.

ह्या वर्षी आंगणेवाडीच्या जत्रेला प्रीतम आणि दिव्या बागव्यांबरोबर गेले. रांग लांबच लांब होती. पार्वतीकाकींना एका दुकानाच्या बाकड्यावर बसवून बाकीचे पुढे सरकत राहिले. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर दिव्याने विचारलं, "काय मागलास देवीकडे?"

"मागूक काय नाय," प्रीतम म्हणाला. "ती रश्मी, सावित्रीकाकी, भाई, परीक्षेतली ती बाई. तिचा नावच माका म्हायत नाय. म्हटलंय, तुका म्हायत असतला, सगळ्यांका बरा ठेव."

मग त्याचा फोन वाजला. देवगडला घर बघायचं होतं कुणाला तरी. गर्दीत नीट ऐकू येईना, म्हणून तो एका कानावर हात ठेवून माळावर लांब जाऊन बोलत उभा राहिला, आणि दिव्या पार्वतीकाकींसाठी गुळाचं मालवणी खाजं घ्यायला दुकानाकडे वळली.